डांबर, चिखल आणि काटे

कऱ्हाड कुठं संपलं आणि मलकापूर कुठं लागलं, हे महामार्गावरून जाणाऱ्याला कळत नाही. कोल्हापूर नाका मागं पडला तरी दुकानांची रांग तुटत नाही, फक्त पाट्यांवरचं गावाचं नाव बदलतं. पुणे-बंगळूर रस्ता गावाच्या मधून जातो आणि गावाचा दिवस त्या रस्त्याच्या तालावर चालतो. कृष्णा हॉस्पिटलकडे धावणाऱ्या रिक्षा, ढेबेवाडी फाट्यावर वडाप जीपची वाट बघणारी माणसं, उसाच्या ट्रॉल्या, कर्नाटकात निघालेले कंटेनर, सगळे एकमेकांना वाट देत-घेत चाललेले. सातारा ते कागल सहापदरीकरणात इथले जुने उड्डाणपूल पाडले आणि नव्या लांबलचक पुलाचं काम निघालं. मी आलो तेव्हा सेवा रस्त्यावर खडी, तारेचे तुकडे आणि धूळ यांची ददात नव्हती. अशा गावात टायरची दुकानं भरपूर असणार, हे ओघानं आलंच.

दिवाळी होऊन गेली होती, कारखान्यांची धुराडी नुकती पेटली होती. मी सोलापूरचा. मोटारसायकलवरून इथं मावसबहिणीकडे आलो होतो आणि इथून पुढं लांबची वाट धरायची होती: आधी पश्चिमेला कोयनेचं खोरं, मग डोंगराच्या कडेकडेनं दक्षिणेला वारणा, आणि शेवटी सांगली जिल्हा आडवा ओलांडत माणदेशातून घरी. म्हणजे आधी ओला मुलूख, मग काळ्या मातीचा, मग कोरडा. सोलापूरच्या सरळ रस्त्यांवर चालून मागचा टायर मधोमध सपाट झाला होता आणि खाचांच्या तळाशी झिजेची जी खूण असते ती वरच्या रबराला जवळजवळ टेकली होती. या तिन्ही मुलखांना चालेल असा टायर घ्यायचा होता.

आमच्याकडे टायरच्या दुकानात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न येतो, “कुठल्या कंपनीचा दाखवू?” मलकापुरातल्या दुकानदारानं कंपनीचं नावही काढलं नाही. पोऱ्याला पाणी आणायला सांगितलं आणि गाडीच्या मागं उकिडवा बसला. ज्योतिषानं तळहात बघावा तसा माझा जुना टायर त्यानं बोटानं चाचपला.

“पाव्हणं, सोलापूर-पुणे लई करता वाटतं?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“मधलं रबर गेलंय, कडा कोऱ्या हाईत. वळणं बघितलीच न्हाईत ह्या टायरनं. आता कुठं निघालाय?”

मी वाट सांगितली. मग त्यानं विचारलं, मागं कोण बसणार? कुणी नाही, बॅगा आहेत. बॅगा किती किलोच्या? रात्री गाडी चालवणार का? पठारावर चढणार की खालूनच बघणार? टायरसाठी एवढी चौकशी मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाची ही रीतच आहे. तुमचं गाव, पाव्हणे, जाण्याचं ठिकाण कळल्याशिवाय त्याला व्यवहार सुरू झाल्यासारखा वाटत नाही. सोलापुरात आम्ही आधी भाव करतो, ओळख नंतर निघते.

मग त्यानं तीन टायर काढून ओळीनं उभे केले. पहिला साधा, हायवेचा: बारीक तिरप्या खाचा, मधोमध सलग रबर. दुसरा दुहेरी कामाचा: रुंद खाचा, मध्ये रबराचे चौकोनी ठोकळे. तिसरा बटण टायर, म्हणजे सुटी सुटी उंच बटणं आणि त्यांच्यामध्ये बोट जाईल एवढी मोकळी जागा. तिसरा दिसायला देखणा. मोठ्या प्रवासाच्या जाहिरातीत गाडीखाली हाच असतो.

“बटण चिखलात राजा,” तो म्हणाला. “पर तुमचा चिखल किती? दिवसाला धा किलोमीटर. बाकीचं दोनशे डांबर. त्या धासाठी दोनशेची झोप घालवू नका.”

त्याच्या बोलण्यामागचं गणित सोपं आहे. मोटारसायकलचं एक चाक जमिनीला टेकतं ते जेमतेम तळहाताएवढ्या जागेत. एवढ्या तुकड्यावर गाडी, माणूस आणि सामान पेललं जातं, ब्रेकही तिथंच लागतो. त्या तळहातात रबर जास्त की मोकळी जागा जास्त, यावर सगळं ठरतं. मऊ मातीत मोकळी जागा उपयोगाची, कारण बटणं आत रुततात आणि पकड घेतात. डांबर मात्र कठीण. तिथं काही रुतत नाही, टेकलेलं रबर तेवढंच पकड देतं. उंच बटणं डांबरावर दाबली की वाकतात, तापतात, लवकर झिजतात आणि कानाशी घूं-घूं आवाज करत राहतात. ओल्या डांबरावर तर बटण टायर घसरायला निमित्तच शोधत असतो.

दुहेरी टायरवर कुणी साठ-चाळीस म्हणतं, कुणी ऐंशी-वीस. म्हणजे इतके टक्के रस्त्यासाठी, इतके मातीसाठी. हे प्रमाण कारखानदार आपापल्या अंदाजानं सांगतात, त्याला सर्वांना बांधणारं माप नाही. दुकानदाराला मी त्यावर विचारलं तेव्हा तो हसला. “रस्ता कधी साठ-चाळीस असतुय का? समोर येतुय तवा शंभर टक्केच येतुय.”

पुढची वाट चालताना हे वाक्य माझ्या डोक्यात बसून होतं.

शेवटी दुहेरी कामाचा, पण मधली रबराची पट्टी जवळजवळ सलग असलेला टायर ठरला, पुढं-मागं एकाच जातीची जोडी. पुढचा एक आणि मागचा भलताच, अशी मोट बांधू नये, कारण वळणावर दोघं दोन तऱ्हेनं वागतात. टायरच्या बगलेवरचे आकडे त्यानं मला वाचून दाखवले. १२०/८०-१८ म्हणजे रुंदी १२० मिलिमीटर, बगलेची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के आणि रिम १८ इंची. पुढं ६२ आणि पी. यातला ६२ म्हणजे टायर २६५ किलो पेलणार आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंत टिकणार. एका लांबट चौकटीत शेवटचे चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन वर्षातला आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. रबर न वापरताही म्हातारं होतं, म्हणून दुकानात वर्षानुवर्षं पडलेला टायर कोरा दिसला तरी घेऊ नये. बाणाची खूण फिरण्याच्या दिशेला येईल असा त्यानं टायर चढवला आणि बजावलं, “नवं रबर गुळगुळीत असतंय. पहिलं शंभर-दीडशे किलोमीटर वळणाला लई वाकू नका.”

संध्याकाळी बहिणीच्या घरी पोचलो तेव्हा दाजी अंगणातल्या नळाखाली पाय धूत होते. नळ चालू होता आणि कुणालाही त्याची घाई नव्हती. मलकापूर लहानसं गाव असलं तरी मीटर लावून चोवीस तास पाणी देणाऱ्या योजनेमुळे सगळ्या देशात त्याचं नाव झालं. आमच्या सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड येतं. घरातली पिंपं, टाक्या, कळशा भरून ठेवायच्या म्हणजे त्या दिवशीचा उद्योगच. इथं बहिणीच्या घरात पिंप दिसलं नाही. मी ते बोलून दाखवलं तर ती म्हणाली, “मीटर हाय की. बिल येतंय, म्हणून कुणी नळ सोडून ठेवत न्हाई.” जेवायला ज्वारीची भाकरी, वरण्याची उसळ, खर्डा आणि वाटीभर ताजी काकवी. आमची भाकरी कडक, महिनाभर टिकणारी. यांची तव्यावरून थेट ताटात येणारी, मऊ. खिडकीतून आगाशिवचा डोंगर दिसत होता. त्याच्या पोटात साठेक बौद्ध लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी कऱ्हाड व्यापाराच्या वाटेवर होतं, याची ती साक्ष. वाट आजही तीच, फक्त बैलांच्या जागी कंटेनर आले.

सकाळी प्रीतिसंगमावर थोडं थांबून पाटणचा रस्ता धरला. कृष्णा आणि कोयना इथं समोरासमोर येऊन भेटतात. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. मग वारुंजी फाटा, सुपने, विहे, मल्हारपेठ. हा गुहागर-विजापूर रस्ता. कुठं सिमेंटचा गुळगुळीत पट्टा, कुठं एकदम उखडलेला तुकडा, कुठं जुनं डांबर. सिमेंट संपून खडी सुरू होते तिथं बोटभर उंचीचा काठ असतो. चारचाकीला तो जाणवतही नाही. मोटारसायकलीनं तो तिरका घेतला तर पुढचं चाक काठाशी घासत राहतं, म्हणून तो सरळ, काटकोनात ओलांडायचा. नव्या टायरचं पहिलं काम हेच निघालं आणि ते नक्षीवर नव्हे तर हँडल धरणाऱ्यावर अवलंबून होतं.

मल्हारपेठेत चहाला थांबलो. टपरीवरच्या आजोबांनी आधी पाण्याचा तांब्या पुढं केला, मग चहाचं विचारलं. मोठ्या शहरात पाण्याची बाटली विकत घ्यावी लागते, इथं तांब्या नाकारला तर माणूस खट्टू होतो.

पाटणहून सडावाघापूरच्या पठारावर चढलो. पावसाळ्यात इथं दरीतल्या वाऱ्यानं धबधबा उलटा वर उडतो आणि गाड्यांची रीघ लागते. आता गवत सोनेरी झालं होतं आणि पठारावर गुराख्यांखेरीज कुणी नव्हतं. पलीकडे वनकुसवड्याच्या बाजूला पवनचक्क्या संथ फिरत होत्या. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. त्यावरची वाट म्हणजे तांबडी बारीक गोटी, खाली कठीण दगड. गोट्यांवर चाक पडलं की ते कंच्यांवर ठेवल्यासारखं सरकतं. इथं मी दोन्ही चाकांतली थोडी हवा सोडली. हवा कमी झाली की टायर पसरतो, टेकणारा तळहात मोठा होतो आणि दगडावरून उडण्याऐवजी त्याला कवेत घेतो. पण फार कमी केली तर धारदार दगडावर रिम आपटते आणि मधे सापडलेली ट्यूब दोन ठिकाणी फाटते. म्हणून चारपाच पौंडांपेक्षा जास्त सोडू नये आणि पंप जवळ असावा. एक गुराखी शेजारी येऊन उभा राहिला. “हवा का सोडताय? पंक्चर झाली न्हवं?” मी कारण सांगितलं. तो म्हणाला, “आमची म्हस पण दगडावर खूर पसरून चालती.” टायरचं पुस्तक लिहिणाऱ्यालाही इतकं थोडक्यात सांगता आलं नसतं.

कोयनानगरला दुपार झाली. धरण १९६४ मध्ये पुरं झालं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपानं हे गाव हादरलं. खाणावळीतल्या बाईंना मी विचारलं नव्हतं, तरी ताटात भात वाढताना त्यांनी सासूनं सांगितलेली त्या पहाटेची हकीकत सांगितली. या गावात भूकंप अजून घराघरांत बोलण्यात असतो, आमच्याकडे दुष्काळ असतो तसा. जेवण साधं: इंद्रायणीचा भात, आमटी, तळलेली नदीची मासळी. भाताचा वास दारापर्यंत येत होता. ज्वारी खाणाऱ्या माणसाला भात ही नुसती शेवटाची भर वाटते. इथं भातच जेवण आणि भाकरी त्याच्या आधीची.

कोयनेच्या कडेचे रस्ते झाडीत दडलेले. पाऊस सरला तरी वळणावळणावर डोंगरातून पाणी झिरपत असतं आणि सावलीतल्या डांबरावर शेवाळाची पातळ साय धरते. उजेडातून सावलीत शिरताना ती डोळ्याला दिसत नाही. अशा ठिकाणी रबराच्या बारीक खाचा आणि मऊ मिश्रण कामाला येतं, बटणं नव्हे. मागच्या माणसानं मला ओव्हरटेक केलं, त्याच्या गाडीला झकास बटण टायर होते. पुढच्या वळणावर तो अगदी बैलगाडीच्या चालीनं चालला होता. त्याच्या टायरांनी त्याला वेगाचा नाद सोडायला लावला होता, आणि तो शहाणपणाने सोडतही होता.

परत नवारस्त्यापर्यंत येऊन दिवशी घाटानं ढेबेवाडीकडे उतरलो. हे वांग नदीचं खोरं. इथं घरटी एक तरी माणूस मुंबईत. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील याच पाटण तालुक्यातले. गावात नवी बंगलेवजा घरं आहेत आणि त्यांना कुलपं आहेत. ती गणपतीला आणि जत्रेला उघडतात. भाताची कापणी चालली होती आणि शेतकऱ्यांनी रस्त्याच्या अर्ध्या भागात पेंढा अंथरला होता. वाहनांखाली मळणी आपोआप होते. एक बाई झाडू घेऊन कडेला उभ्या होत्या. मी गाडी थांबवली तर त्यांनी हातानं “जा की” अशी खूण केली. कोरड्या पेंढ्यावर ब्रेक दाबला तर कुठलाही टायर, कितीही महाग असला तरी, घसरगुंडीवर बसतो. क्लच न दाबता, ब्रेकला हात न लावता, सरळ रेषेत जायचं. हे मला त्या बाईंनीच शिकवलं: “दाबू नगा, नुसतं जावा.”

ढेबेवाडीच्या खोऱ्यातून पुढं उंडाळ्याच्या खोऱ्यात, तिथून शेडगेवाडी फाट्याला सांगली जिल्ह्यात उतरलो. फाट्यावरच्या पाटीवर ‘मलकापूर’ वाचून दचकलो. ते शाहूवाडी तालुक्यातलं, आंबा घाटाच्या वाटेवरचं मलकापूर. बुलढाण्यातलं रेल्वे स्टेशनवालं आणखी वेगळं. टपरीवर “मलकापूरहून आलो” म्हटल्यावर लगेच प्रश्न आला, “कंच्या?” कऱ्हाडचं म्हटल्यावर खात्री पटली आणि कोकरूडची वाट दाखवली गेली.

वारणेच्या खोऱ्यात संध्याकाळी अवकाळी पावसाची सर आली. फार नाही, रस्ता ओला होण्याइतकी. पण ऊसतोड सुरू होती. ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर चढले की चाकांना धरलेली काळी माती पुढच्या फर्लांगभर डांबरावर सांडत जाते. कोरडी असते तोवर ती ढेकळं असतात. वर पाणी पडलं की त्याचं लोणी होतं. काळ्या मातीत चिकण अंश भरपूर, पाणी शोषून ती फुगते आणि चिकटते. मी गाडी कडेला घेऊन टायरकडे बघत बसलो. पन्नास-साठ पावलांच्या चिखलात खाचा पार बुजल्या होत्या. नक्षी दिसेनाशी झाली, चाक गोल मातीचं मडकं वाटत होतं. मडगार्डच्या आत माती दाबून बसली होती आणि चाक फिरताना करकर वाजत होतं. काडीनं खाचा उकरल्या तर आत मातीबरोबर उसाच्या पाचटाचे तंतू गुंतलेले. नुसती माती असती तर वेगानं फिरताना उडून गेली असती. तंतूंनी तिला धरून ठेवलं होतं. या मातीपुढं कुठलीच नक्षी टिकत नाही. बटणांच्या रुंद फटीतून ती जरा लवकर बाहेर पडते एवढंच.

ऊस वाहणाऱ्या बैलगाड्या एका ओळीनं कारखान्याकडे चालल्या होत्या. त्यांना इथं टायरगाड्या म्हणतात. लोखंडी धावांच्या लाकडी चाकांच्या जागी रबरी चाकं आली तसं बैल तेवढ्याच जोरात किती तरी जास्त ओझं ओढू लागले. गाडीवान बीडकडचे, मराठवाड्यातले. मी थांबलेला बघून एकानं बैल न थांबवताच ओरडून सांगितलं, “मामा, कडंकडंनं या, मधी लोणी हाय!” कडेला मुरूम होता. मुरमावर टायरच्या ठोकळ्यांनी पहिल्यांदा चांगलं काम केलं.

शिराळ्यात रात्र काढली. नागपंचमीच्या दिवसांत या गावात माणूस मावत नाही, एरवी ते शांत तालुक्याचं गाव. सकाळी पेठ नाक्यावर महामार्ग ओलांडला आणि कृष्णेच्या सपाट, हिरव्या मुलखात आलो. किर्लोस्करवाडी स्टेशनच्या बाहेर चहा पीत असताना मनात एक योगायोग आला. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. त्याच वर्षी बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलला हवा भरलेलं रबर लावून त्याचं पेटंट घेतलं. हवेचा टायर आणि मराठी माणसाचा चाकांचा धंदा एकाच वर्षी सुरू झाले. लक्ष्मणराव पुढं लोखंडी नांगराकडे वळले आणि १९१० मध्ये औंध संस्थानात ही वाडी वसली. नांगराची जात निवडताना शेतकऱ्याला माती बघावी लागते, काळी की मुरमाड. टायरचंही तेच.

तासगावच्या आसपास द्राक्षबागा, बेदाण्याची शेड्स, रस्त्याकडेला तागाच्या पोत्यांच्या थप्प्या. विट्यात गलाईवाल्यांची मोठी घरं दिसली. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी या भागातली माणसं साऱ्या देशभर पसरली आहेत. मग खानापूरच्या माथ्यावर चढलो आणि मुलूख बदलला. हवा कोरडी झाली, झाडं बुटकी झाली, घरं वाऱ्याकडे पाठ करून बसली. पण मधूनच चकाकता पाट दिसायचा. कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्यानं या माळावर आणलं जातं. ज्या पाण्याच्या काठानं मी निघालो होतो, तेच पंपानं माझ्याआधी आटपाडीला पोचलं होतं. पाटाच्या खाली डाळिंब, पाटाच्या वर कुसळ.

गदिमा आणि व्यंकटेश माडगूळकर या आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे. माणदेशी माणसाचं बोलणं कमी आणि नेमकं. एका वाडीकडे जाणाऱ्या मुरमाच्या वाटेवर मागचं चाक बसलं. समोर झोपडीवजा पंक्चरचं दुकान होतं, म्हणून ढकलत नेलं. दुकानदार एक शब्द न बोलता चाक उतरवू लागला. टॉमी घालून टायरची एक कड काढली, ट्यूब ओढली, पाण्यात बुडवून बुडबुडा शोधला. इथपर्यंत सगळीकडे असंच असतं. पुढं मात्र त्यानं ट्यूब बाजूला ठेवली आणि टायरच्या आतून सावकाश बोटं फिरवली. एकदा, मग उलट्या बाजूनं पुन्हा. तिसऱ्या फेरीला बोट थांबलं. चिमट्यानं त्यानं बोटाच्या दोन पेरांएवढा काटा ओढून काढला, वेड्या बाभळीचा. बाहेरून तो दिसत नव्हता, टोक बाहेर मोडून गेलं होतं. तो काढला नसता तर नवी ट्यूबही लगेच गेली असती. त्याच्या टेबलावर एक पत्र्याचा डबा होता, तसल्या काट्यांनी भरलेला.

“ट्यूबलेस असती तर?” मी विचारलं.

“काटा आत ऱ्हातो. हवा हळूहळू जाती. घरी पोचता.” थोडं थांबून तो म्हणाला, “पर रिम वाकली तर ट्यूबलेस वाऱ्यावर. तारांच्या चाकाला ट्यूबच बरी. गावोगावी माझ्यासारखा बसलाय.”

ट्यूब की ट्यूबलेस, या वादाचा तो निकालच होता. ओतीव चाकाची गाडी असेल तर ट्यूबलेस घ्यावा, पंक्चर बसल्या जागी, चाक न उतरवता निघतं. तारांचं चाक खड्ड्यातला मार सोसतं, पण त्याला बहुधा ट्यूब लागते. मग एक जादा ट्यूब, टॉमीची जोडी आणि पंप सामानात हवाच. चहा पिऊन झाल्यावरच त्यानं पैसे घेतले. चहाही त्यानंच मागवला.

दिघंची, महूद करत पंढरपूरला आलो आणि मोहोळच्या सिमेंट रस्त्यावर गाडी सरळ रेषेत लागली. उन्हात तापलेल्या सिमेंटवर टायर लवकर झिजतो. नव्या टायरच्या मधल्या पट्टीवरचे रबराचे बारीक केस केव्हाच गेले होते. मातीच्या वाटेवर सोडलेली हवा अशा रस्त्याआधी परत पुरती भरणं महत्त्वाचं. कमी हवेनं लांब पळवलेला टायर आतून भाजून निघतो.

प्रवासभर मी हिशेब करत आलो. मातीत, सड्यावर, काळ्या चिखलात गाडी अडखळली, घसरली, रुतली, पण तिथं वेग चालण्याइतका होता. जीव जाण्याची जागा तिथं नव्हती. ती होती ओल्या, शेवाळलेल्या डांबराच्या वळणावर आणि महामार्गावर कंटेनरच्या शेजारी. मातीत गाडी अडकते, डांबरावर माणूस. म्हणून मिश्र रस्त्यांच्या लांब प्रवासासाठी निवड करताना टक्केवारीच्या मागं लागू नये. जिथं आपला वेग सर्वात जास्त असेल, तिथं ओल्यात कोणता टायर धरतो हे आधी बघावं. उरलेल्या वाटेसाठी वेग कमी करावा, हवा थोडी सोडावी आणि डांबर लागलं की भरून घ्यावी. ओझ्याचा आकडा आपल्या सामानाशी ताडून पाहावा, तयार झाल्याची तारीख वाचावी, जोडी एकाच जातीची घ्यावी. आणि दुकानदारानं “कुठं चाललाय?” असं विचारलं नाही, तर दुसरं दुकान बघावं.